सातच्या आत

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि कालनिर्णयच्या मागच्या पानावर, राशिभविष्याशेजारी उरलेल्या दोन बोटं जागेत बेरीज मांडली.

"हरणार आहोतच," ते म्हणाले. "त्यात वाद नाही. कितीने, ते काढतोय."

साल २०१५, ऐन पावसाळा, काशीतल्या दुर्गाघाटाच्या गल्लीतलं घर. संध्याकाळी प्रो कबड्डीत पुणेरी पलटण आणि यू मुंबा यांची गाठ होती. पलटण २०१४च्या पहिल्या हंगामात आठ संघांत आठवी आली होती, आणि दुसऱ्या हंगामातही त्या जागेला तिने दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. मुंबई पहिल्याच वर्षी अंतिम सामन्यापर्यंत गेलेली आणि आता तर सुसाट सुटलेली. या लढतीला वर्तमानपत्रं 'महाराष्ट्र डर्बी' म्हणतात. काकू म्हणाली, "डर्बी कसली, श्राद्ध. त्यासाठी काशीपेक्षा चांगली जागा नाही."

मी ठाण्याचा. म्हणजे मनातून मुंबईचा. पण काशीत मी काकांकडे उतरलो होतो, जेवत होतो आणि त्यांच्याच गादीवर झोपत होतो, त्यामुळे ही गोष्ट मी बॅगेत तळाशी, ओल्या टॉवेलखाली ठेवली होती.

बेरजेचं प्रकरण असं. त्या वेळच्या नियमांत जिंकणाऱ्याला पाच गुण मिळायचे, बरोबरी झाली तर दोघांना तीन-तीन. हरणाऱ्याला शून्य. पण हरताना फरक सात किंवा त्याहून कमी राहिला, तर हरणाऱ्यालाही एक गुण. मागे पडलेल्या संघाने शेवटची पाच मिनिटं नुसती घड्याळाकडे बघत काढू नयेत, म्हणून हा नियम असावा. काकांचं मत वेगळं होतं. हा नियम करणाऱ्याने पुणेकराचा स्वभाव ओळखून केला आहे, असं त्यांना वाटे. "जिंकतो कोणीही," ते म्हणत. "पण साताने हरायला अक्कल लागते. आठने हरला तो मूर्ख." हा हिशोब त्यांनी इतिहासालाही लावला होता. पानिपतात रसद वेळेवर पोचली असती, तर तोही निकाल सातच्या आत आला असता, असं ते शपथेवर सांगत.

काकू माहेरची गिरगावची. लग्न होऊन काशीला आली त्याला चाळीस वर्षं झाली, पण माहेर म्हटलं की ते मुंबईच, आणि माहेरचा संघ म्हणजे माहेरची माणसं. यू मुंबाचा कर्णधार अनुप कुमार. गुडगावकडच्या पालडा गावचा, हरियाणा पोलिसांतला. काकूच्या तोंडी तो "आमचा अनुप". आमचा अनुप घाई करत नाही, आमचा अनुप ओरडत नाही, आमच्या अनुपचं कसं, सहा जण समोर दिसले की रेषेपलीकडे पाऊल टेकून बोनस उचलतो आणि देवळातून प्रसाद घेतल्यासारखा परत येतो. हे काकांकडे बघत म्हटलेलं असे. ओरडणं, घाई करणं आणि रिकाम्या हाताने परत येणं या तिन्ही गोष्टी कोणाच्या, ते घरातल्या भिंतींनाही माहीत होतं.

"सातच्या आत म्हणे," काकू शेंगदाण्याचं कूट करता करता म्हणाली. "माझ्या वडलांनी मला लावलेला नियम शेवटी तुमच्या पलटणीला लागला. मी निदान घरी तरी यायचे."

काका पुण्याचे कसे, हा प्रश्न विचारायचा नसतो. त्यांचे पूर्वज पेशवाईत काशीला आले. वेदपठणाला की यात्रेला, यावर घरात दोन पक्ष आहेत. तेव्हापासून सगळी मंडळी इथेच. काका आयुष्यात दोनदा पुण्याला गेले, एकदा लग्नाला आणि एकदा ते लग्न मोडू नये म्हणून. दोन्ही वेळा पाऊस होता, त्यामुळे पुणं म्हणजे छत्री, एवढंच त्यांना आठवतं. त्यांचं मराठीसुद्धा हिंदीच्या शेजारात वाढलेलं. ते टीव्ही 'लावत' नाहीत, 'खोलतात'. पाऊस 'थांबत' नाही, 'बंद होतो'. पण पलटणीचा विषय निघाला की एकदम शनिवार पेठ. पुणे संघात पुण्याचं कोण आहे, असं मी एकदा विचारून बसलो. कर्णधार वजीर सिंह, तोही हरियाणाचाच. म्हणजे डर्बी महाराष्ट्राची आणि दोन्ही कर्णधार हरियाणाचे. काका शांतपणे म्हणाले, "शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला गागाभट्ट कुठून नेले होते? काशीहून. कामाचा माणूस बाहेरून आणायची आपल्याकडे रीत आहे."

सकाळी त्यांच्याबरोबर ठठेरी बाजाराकडे कचोरी-जिलबीला गेलो. सामन्याच्या दिवशी काका उपास करत नाहीत. उपाशीपोटी हरणं त्यांना सोसत नाही. गल्लीत निम्म्या माणसांना काकांची पलटणीची आवड माहीत होती. कढईमागचा माणूस द्रोणात रस्सा ओतता ओतता म्हणाला, "का गुरु, आज फिर पूना हारी?" यात कुचेष्टा नव्हती, 'पाणी चढलंय का' विचारावं तशी चौकशी होती. उत्तर प्रदेशाला तेव्हा स्वतःचा संघच नव्हता. यूपी योद्धा आला २०१७ साली. तोवर बनारसचे कबड्डीवाले जवळचं म्हणून पाटण्याला धरून असत, आणि पाटणा बरं खेळत असल्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर एक सुखवस्तू दया असायची. त्या माणसाने काकांना एक जिलबी वर दिली. हरणाऱ्या संघाच्या माणसाला काशीत असं काहीबाही वर मिळत राहतं. पलटण चालू लागली तर हे बंद होईल, ही धास्ती काकांना कधीतरी वाटत असणार, पण ते बोलून दाखवत नसत.

घरी आलो तर काकूचा भाचा फोनवर. तो इंग्लंडात हल नावाच्या गावी असतो. (काकू म्हणते, "नाव हल आणि गेला तो तिथून हलत नाही.") तिकडे रग्बी लीगचं वेड. एका बाजूला तेरा खेळाडू, चेंडू घेऊन धावायचं, सहाव्यांदा पकडलं की चेंडू समोरच्याला. काकांनी हे ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "म्हणजे चेंडू बाळगून हुतूतू. दम घोकायचा कंटाळा, म्हणून चेंडू." हल शहराच्या मधून हल याच नावाची नदी जाते. पश्चिमेकडे हल एफसी, पूर्वेकडे हल किंग्स्टन रोव्हर्स. १९८० साली दोघे चषकाच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले, तेव्हा सगळं गाव लंडनला वेम्ब्लीवर लोटलं आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर कुणीतरी पाटी लावली की शेवटी जो निघेल त्याने दिवे मालवावेत. तो सामना रोव्हर्सने जिंकला, १०–५. भाचा पूर्वेकडे खोली मिळाली म्हणून रोव्हर्सचा झाला. १९८५ नंतर मोठं असं त्यांनी काही जिंकलेलं नव्हतं. तीस वर्षं.

"तीस?" काकांचा आवाज एकदम मऊ झाला. "जेवतोस ना वेळेवर?"

भाच्याचा संघ त्या वर्षी चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत आला होता. ऑगस्टअखेर वेम्ब्ली. त्याला झोप लागत नव्हती. काकांनी त्याला दोन रुपये किमतीचा सल्ला फुकट दिला. जिंकायचं मनात आणू नकोस, सातच्या आतचं बघ.

फोन ठेवल्यावर ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली गंगा घाटाच्या पायऱ्या गिळून देवळांच्या उंबऱ्याला टेकली होती. पुरात एका घाटावरून दुसऱ्यावर जाता येत नाही, आरतीसुद्धा वर गच्चीवर करायची वेळ येते. "काशीत डर्बी का नाही, सांगू?" ते म्हणाले. "काशीला पैलतीर नाही. सगळं गाव या काठावर. समोर वाळू. भांडायचं कुणाशी, वाळूशी? म्हणून पुणं-मुंबई इतक्या लांबून मागवायला लागतात."

हे पूर्णपणे खरं नाही आणि काकांनाही ते माहीत आहे, कारण पुढच्याच श्वासाला त्यांनी दुर्गाघाटाची मुक्की काढली. बनारसात नुसत्या मुठींनी मुष्टियुद्ध करायची फार जुनी चाल होती. एकास एक, एकास अनेक, आणि टोळीला टोळी, म्हणजे या मोहल्ल्याची पोरं विरुद्ध त्या मोहल्ल्याची. मुठी घट्ट व्हाव्यात म्हणून दगडावर आपटायचे. आता ते जवळजवळ संपलं. या खेळातलं सगळ्यात मोठं नाव मराठी आहे, नारायणगुरू बाळंभट देवधर. मर्मावर प्रहार करण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. शहरातल्या बारा निवडक मल्लांना त्याने आव्हान दिलं आणि बाराही जणांना लोळवलं, अशी नोंद आहे.

"बारा!" काका म्हणाले. "आणि हा वजीर सातांवर जातो आणि मांडी घालून बसून राहतो. चढाई आहे की सत्यनारायण?"

"देवधरांना तीस सेकंदांत परत यायचं नव्हतं," मी म्हटलं.

"देवधरांना परत यायचंच नव्हतं. ते घरीच होते."

दुपारी जेवण झाल्यावर काका आडवे झाले आणि मला वाटलं, आता संध्याकाळपर्यंत शांतता. पण ते छताकडे बघत होते. पलटण का हरते, याचं कारण त्यांना सापडलं होतं. गेले काही आठवडे ते मनात घोळत होतं, आज पक्कं झालं. कारण ते स्वतःच होते.

इथे थोडं कबड्डीतलं सांगायला हवं. जुन्या काळी हा खेळ तीन तऱ्हांनी खेळत. अमरमध्ये बाद झालेला गडी बाहेर जातच नसे, नुसता गुण मोजायचा. गामिनीत एकदा बाद झाला की गेला, सगळा संघ बाद होऊन लोण होईपर्यंत बाहेर बसायचं. आणि संजीवनीत, समोरचा एक गडी बाद केला की आपला एक बाहेर बसलेला परत जिवंत. आजची कबड्डी ती संजीवनी.

"आता विचार कर," काका उठून बसले. "काशीत मेलेल्याला पुनर्जन्म नाही. शंकर कानात मंत्र सांगतो, खेळ खलास. मी इथे, काशीत बसून, डोळे लावून त्यांच्याकडे बघतोय. पुण्याचा गडी बाद झाला, की तो झाला मुक्त! मुंबईवाले संजीवनी खेळतात, आपली पोरं माझ्यामुळे गामिनी खेळतायत."

मी काकूकडे बघितलं. काकू खिचडीकडे बघत होती. खरी पंचाईत अशी की मला त्यात चूक सापडेना. हरणाऱ्या संघाचा चाहता असाच तयार होतो. आधी तो पंचांना बोल लावतो, मग प्रशिक्षकाला, मग लिलावाला. ही तीन दारं बंद झाली की तो स्वतःच्या घरात शिरतो. मी मागच्या रविवारी हिरवा सदरा घातला होता, मी मध्येच पाणी प्यायला उठलो, मी मनात 'जिंकलोच' म्हटलं. ठाण्याला आमच्या सोसायटीत एक गृहस्थ आहेत, ते भारत फलंदाजी करत असताना जिन्यात उभे राहतात. त्यांची पत्नी त्यांना तिथेच जेवणाचं ताट नेऊन देते. मुंबईसारख्या जिंकणाऱ्या संघाचा चाहता मात्र सोफ्यावर पाय पसरून बसतो आणि सगळं श्रेय अनुपला देतो. दोघांतला मोठेपणा कुणाचा, ते तुम्हीच ठरवा.

"मग काय, बघायचं नाही?" मी विचारलं.

"बघायचं. पलीकडून."

गंगेच्या पलीकडे, रामनगरच्या बाजूला व्यासकाशी आहे. तिथे मरण आलं तर माणूस पुढच्या जन्मी गाढव होतो, असं काशीत लहान पोरंही सांगतात. त्या भीतीने लोक म्हातारपणी पूल ओलांडत नाहीत. काकांनी त्या भीतीचा धागा नेमका दुसऱ्या टोकाने धरला होता. मुक्ती नाही, म्हणजे पुनर्जन्म आहे. म्हणजे संजीवनी चालू.

"अहो, पण गाढव!" मी म्हटलं.

"गाढव का होईना, मैदानात परत तरी येईल."

"सध्या काय वेगळं चाललंय," काकू स्वयंपाकघरातून म्हणाली, आणि खिचडी डब्यात भरायला लागली. तिला आम्ही जाणार हे काकांच्याही आधी कळलं होतं.

पुरात नावा बंद. जायचं तर राजघाटाच्या पुलावरून. हा मालवीय पूल, १८८७चा, वर रस्ता आणि खाली रेल्वे. काकांनी धोतर बदलून विजार चढवली, पलटणीला रंग म्हणून गळ्यात भगवा गमछा घेतला. गल्लीतून मैदागिनपर्यंत चालत, पुढे रिक्षा. वाटेत तीन जणांनी विचारलं कुठे निघालात. काकांनी तिघांना तीन कारणं सांगितली. एकाला बँक, एकाला डोळ्यांचा डॉक्टर. तिसरा फार जवळचा होता, त्याला खरं सांगितलं. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, तर्क बरोबर आहे, पण गमछा काशीचा आहे, तो काढून जा. काकांनी गमछा काढून त्याच्याकडे दिला. इतक्या गंभीरपणे कुणी कुणाची मस्करी करतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बनारसात ते ठरवता येत नाही.

पुलाच्या मध्यावर गाड्या अडकल्या होत्या. खाली मातकट पाणी, मधूनच एखादं झाड वाहत जाताना दिसायचं. उजवीकडे राजघाट, लांबवर ओळीने पाण्यात गुडघाभर उभे घाट. इथे गंगा वळून उत्तरेकडे वाहते. काका म्हणाले, "गंगा जर इथे हिमालयाकडे तोंड करून वाहू शकते, तर गुणतक्तासुद्धा खालून वर वाचता आला पाहिजे." खालून वर वाचला की पलटण पहिली येत होती. हा विनोद त्यांनी रिक्षावाल्यालाही हिंदीतून सांगितला. त्याने विचारलं, कबड्डीत पैसे लावलेत का? नाही म्हटल्यावर त्याला काकांची काळजी वाटायला लागली.

पुलापलीकडे पडाव. तिथे एका चहाच्या टपरीत उंचावर टीव्ही होता आणि त्याच्यावर भोजपुरी गाणी. मालकाने चार चहा आणि दोन बिस्किटपुड्यांच्या बदल्यात चॅनल बदलायचं कबूल केलं. आम्ही बाकावर बसलो. डबा उघडला. काकांनी इकडे तिकडे बघून मला हळूच विचारलं, "तू मुंबईचा, हो ना?"

मी खिचडीत चमचा तसाच धरून ठेवला.

"तिसऱ्या दिवशीच कळलं मला. पलटण हरली की तू वाईट वाटून घेतोस. पुण्याचा माणूस वाईट वाटून घेत नाही, तो कारण सांगतो." मग त्यांनी डब्यातली मिरची बाजूला काढून मला दिली, त्यांना चालत नाही म्हणून. "असू दे. तू तिकडचा असलास की मला बोलायला माणूस मिळतो. तुझी काकू बोलत नाही. ती जिंकते."

पडद्यावर खेळाडू ओळीने उभे राहिले. नाणेफेक झाली. काकांनी खिशातून कालनिर्णयचं फाडून आणलेलं पान काढलं, मांडीवर पसरलं आणि पेन्सिल जिभेला लावली. पंचांनी शिट्टी दिली तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. मला वाटलं रामरक्षा. जवळ सरकलो तर ते सात, सात, सात म्हणत होते.

त्या हंगामाचं पुढे काय झालं ते नोंदलेलं आहे. पुणेरी पलटण आठपैकी आठवी. यू मुंबा विजेते, अंतिम सामन्यात बंगळुरूवर ३६–३०. फरक सहा. काकांनी ते ऐकल्यावर बंगळुरूसाठी टाळ्या वाजवल्या. ऑगस्टअखेर भाच्याचा संघ वेम्ब्लीवर उतरला आणि लीड्सकडून ५०–० असा हरला. काकांनी हलला फोन लावला, बराच वेळ काहीच बोलले नाहीत, आणि शेवटी म्हणाले, "सातच्या आत नाही आला रे."

पुढच्या हंगामात पलटण तिसरी आली तेव्हा काका आठवडाभर अस्वस्थ होते. कचोरीवाल्याने वरची जिलबी बंद केली, हेही आलंच. १ मार्च २०२४ला हैदराबादमध्ये पलटणीने हरियाणाला २८–२५ असं हरवून चषक उचलला. कर्णधार अस्लम इनामदार, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला, आणि मुंबई त्या वर्षी पहिल्या सहांतही नव्हती. मी अभिनंदनाला फोन केला. काकू बोलली. काका गच्चीवर होते, ती म्हणाली, हरियाणावाले तीननेच हरले म्हणून त्यांना वाईट वाटतंय. जून २०२५मध्ये हल किंग्स्टन रोव्हर्सनेही वेम्ब्लीवर वॉरिंग्टनला ८–६ असं हरवलं. त्याही वेळी काकांनी आधी फरक विचारला.

२०२५च्या हंगामापासून प्रो कबड्डीने गुण देण्याची रीत बदलली. जिंकलं तर दोन, हरलं तर शून्य, मग एकाने हरा नाहीतर वीसने. काकांच्या भिंतीवर ठाण्याहून पाठवलेलं नवं कालनिर्णय आहे, आणि त्याच्या मागच्या पानावर, राशिभविष्याशेजारी, पेन्सिलीने आखलेला 'सातच्या आत' हा रकाना अजून आहे.